पाचवा बदाम येईल का गं?

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी चकल्यांचा डबा झाकत होते. ‘ताई, चार बदाम जमले होते, समोरचीने सगळे चिंचोके पुढे ढकलले, मी घाबरून पत्ते टाकले, आणि शेवटचं पान बदामच निघालं! मी मूर्ख आहे का?’ तेव्हाच फोन करणार होते, पण घर झोपलं होतं. म्हणून आज दुपारची आवराआवर झाल्यावर सावकाश लिहितेय. चहा करून घे आणि बस.

मूर्ख नाहीस गं. आणि हेही ऐकून ठेव, शेवटी बदाम निघाला म्हणून तुझा निर्णय चुकला असं होत नाही. काळं पान निघालं असतं तर तू शहाणी ठरली असतीस, असंही नाही. पान उलटण्याआधी तुला जे ठाऊक होतं, तेवढ्यावरच निर्णय जोखायचा. अ‍ॅनी ड्यूक नावाची अमेरिकेतली एकेकाळची मोठी पोकर खेळाडू आहे, तिने २०१८ साली एक पुस्तक लिहिलं, त्यात ती याच सवयीवर बोट ठेवते: निकाल बघून निर्णयाला चांगलं-वाईट म्हणण्याची सवय. आपण बायका तर यात पक्क्या. पुरणपोळी फुटली की सगळं पुरणच वाईट म्हणून मोकळ्या होतो.

आता तुझा पोकरचा डाव समोर मांडू. तू कळवलंस त्याप्रमाणे तुझ्या हातात बदाम एक्का आणि बदाम नव्वी. मधे पहिली तीन पानं उघडली, ज्याला तुम्ही फ्लॉप म्हणता: बदाम सत्ती, बदाम दुर्री आणि इस्पिक गुलाम. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, साठ चिंचोके. मैत्रिणीने उरलेले चाळीस ढकलले आणि म्हणाली, ऑल-इन. तुझ्यापुढे तिच्यापेक्षा जास्त होते, म्हणजे तुला चाळीसच घालायचे होते.

खरं सांगू का, अशा वेळी डोक्यात एकच प्रश्न घुमतो: बदाम येईल का? हा प्रश्न सोडून दे. त्याचं उत्तर गड्डीला माहीत, तुला-मला नाही. तू विचारायचं ते असं: बदाम किती वेळा येतो, आणि मला तो काय भावाने मिळतोय?

किती वेळा येतो ते आधी बघ. बदाम एकूण तेरा. चार तुला दिसले, नऊ राहिले. तू पाच पानं पाहिलीस, म्हणजे न पाहिलेली सत्तेचाळीस. त्यातली दोन अजून मधे उघडायची आहेत. त्या दोनांत निदान एक बदाम येण्याची शक्यता शंभरात पस्तीस. साधारण तीनात एकदा म्हण.

आता भाव. पॉटमधले साठ, तिचे चाळीस आणि तू घालशील ते चाळीस मिळून एकशेचाळीस. त्यातले तुझे चाळीस. चाळीस आणि एकशेचाळीस, म्हणजे सातात दोन. सात वेळा असा प्रसंग आला आणि तू दोनदा जिंकलीस तरी तुझी बरोबरी होते. शंभरात साडेअठ्ठावीस. तुझ्याकडे होते पस्तीस. म्हणजे भाव तुझ्या बाजूचा होता गं, चिंचोके घालायला हवे होते. पण तू जे टाकलंस ते घाबरून टाकलंस, हिशेब करून नाही. मला काळजी त्याची आहे, हातातून गेलेल्या पॉटची नाही.

भाजीबाजारात तू हेच करतेस बघ. मेथीची जुडी छान आहे का, एवढ्यावर आपण घेत नाही. छान आहे आणि दहाला आहे की चाळीसला, ते बघून घेतो. चार बदाम ही छान जुडी आहे. पण समज पॉटमध्ये वीसच चिंचोके असते आणि तिने शंभर ढकलले असते. मग दोनशेवीसातले शंभर तुझे. जवळजवळ निम्म्या वेळा जिंकायला हवं. तिथे पस्तीस पुरत नाहीत. तीच पानं, तेच चार बदाम, आणि तिथे मुकाट्याने पत्ते टाकायचे. वाईट वाटू द्यायचं नाही.

अजून एक गंमत. मधलं चौथं पानही उघडून झालं, बदाम आला नाही आणि मग ती ढकलते. आता तुझ्यासाठी एकच पान उरलं. शेहेचाळीसात नऊ, म्हणजे शंभरात वीससुद्धा नाहीत. साठ आणि चाळीसचा तोच भाव आता महाग झाला. माझी सर्वांत जास्त चिंचोक्यांची गळती इथेच झाली आहे. ‘एवढे घातलेत, आता कशाला सोडू’ म्हणत मी शेवटच्या पानापर्यंत जायची. घातलेले चिंचोके पॉटचे झाले गं, ते आता तुझे नाहीत. साडी दोनदा धुवून रंग गेला तरी महाग पडली म्हणून नेसत राहण्यातला प्रकार.

तोंडी हिशेबाची एक युक्ती देते, टेबलावर पेन-कागद घेऊन बसता येत नाही म्हणून. आपल्या कामाची पानं मोज, त्यांना आउट्स म्हणतात. दोन पानं यायची असतील तर चाराने गुण, एक यायचं असेल तर दोनाने. नऊ चोक छत्तीस, खरं उत्तर पस्तीस, जमलं. कामाची पानं आठांहून जास्त असतील तर वरची जेवढी, तेवढे उत्तरातून वजा कर. समज हातात बदाम दश्शी, बदाम नव्वी आणि मधे बदाम अठ्ठी, बदाम सत्ती, चौकट दुर्री. आता नऊ बदाम तर आहेतच, शिवाय कुठलाही गुलाम किंवा छक्की आली तरी ओळीची पाच पानं होतात. बदामचा गुलाम आणि बदामची छक्की आधीच मोजली, उरली सहा. एकूण पंधरा. पंधरा चोक साठ, वजा सात, त्रेपन्न. खरा आकडा चोपन्नच्या आसपास. म्हणजे समोर एक्क्यांची जोडी घेऊन बसलेल्या बाईपेक्षा, अजून काहीच न जमलेली तू पुढे आहेस! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वासच बसेना. असा ड्रॉ, म्हणजे एका पानावाचून अडलेला डाव, हातात असला आणि कुणी ऑल-इन म्हणालं की दचकू नकोस. तुझ्या मैत्रिणींना दचकू दे.

आता थोडं सावध करते, कारण मोजताना आपण आपल्याच बाजूने मोजतो. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. हातात बदाम पंजी आणि चौकी, मधे दोन बदाम, मी सगळं घातलं. पाचवा बदाम आला, मी पत्ते उघडले, आणि समोर वहिनीच्या हातात बदामचा राजा आणि दश्शी. तिलाही पाचच बदाम, पण माझ्याहून मोठे. त्या रात्री फराळाची सगळी भांडी मी घासली, आमच्याकडे हरणाऱ्याला तीच शिक्षा असते. तेव्हापासून मी आधी विचारते: हे जमलं तर मी जिंकतेच का? तुझ्याकडे एक्का होता, म्हणून तुझा फ्लश, म्हणजे पाच बदाम, सर्वांत मोठा. लहान पानांचा असला तर नवातली दोन-तीन पानं मनातल्या मनात कमी धर.

आणि समोर कोण आहे तेही बघ. तुझी ही मैत्रीण तासभर एकही डाव खेळली नव्हती, असं तूच लिहिलंस. अशी शांत बाई अचानक सगळं ढकलते तेव्हा तिच्याकडे काहीतरी असतं. नुसती गुलामांची जोडी असेल आणि दुसरं पान एक्का नसेल, तर तुला बदामांखेरीज उरलेले तीन एक्केही चालतात. बारा पानं, शंभरात पंचेचाळीस. पण तिच्याकडे तीन गुलाम असतील तर तुझे पस्तीस घसरून पंचविसाच्या आसपास येतात, कारण तुला बदाम आला तरी मधल्या पानांत जोडी पडून तिचं फुल हाउस, फ्लशहून मोठं, होऊ शकतं. तीन गुलाम क्वचित असतात, जोडी नेहमीची. दोन्ही मिळून बघितलं तरी तुझं कॉल करणंच, म्हणजे तिच्याइतके चिंचोके घालणंच, योग्य होतं. बघ, यात जादू काही नाही. सासूबाई गप्प बसल्या की आपण जसं ओळखतो, तसंच हे ओळखायचं.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली, ती तुला आत्ताच सांगते. ऑल-इनला कॉल करणारीला जिंकायची एकच वाट असते, पान लागणं. आधी ढकलणारीला दोन असतात: पान लागतं, नाहीतर समोरची घाबरून पत्ते टाकते. काल तुझ्या मैत्रिणीला ही दुसरी वाट तूच दिलीस. म्हणून ड्रॉ इतका चांगला असेल तर कधीकधी आपणच पुढाकार घ्यावा. अर्थात जी कधीच पत्ते टाकत नाही, तिच्यापुढे हा उपाय चालत नाही. आमच्या धाकट्या नणंदेपुढे मी तो करतच नाही.

आता मनातलं एक सांगते. हे घरात तुझ्या भाऊजींशिवाय कुणाला माहीत नाही.

ऑनलाइन पैशांचे डाव चालू होते तेव्हाची गोष्ट आहे. मला भिशी लागली होती, आठ हजार. ते मुलीच्या क्लासच्या फीचे होते. दुपारी ती शाळेत, मी फोन घेऊन दिवाणावर. वाटलं, थोडेच खेळू. तासाभरात तोच पंधरा पानांचा ड्रॉ हातात आला, समोरच्याने ऑल-इन केलं, मी मोजलं, त्रेपन्न-चोपन्न आले आणि मी कॉल केला. दोन्ही पानं काळी निघाली. आठ हजार संपायला चार सेकंद लागले असतील. कुकरची शिट्टी झाली आणि मला ती ऐकूच आली नाही, डाळ खाली लागली. दोन महिने दूध-भाजीच्या खर्चाला चिमटे काढून ती फी भरली, आणि मग एका रात्री यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘मला का नाही सांगितलंस?’ ते जास्त लागलं.

त्या डावात माझं गणित बरोबर होतं गं. आजही कुणी विचारलं तर म्हणेन, कॉल बरोबर होता. पैसे चुकीचे होते. पस्तीस टक्के काय, चोपन्न टक्के काय, त्यांचा अर्थ तेव्हाच लागतो जेव्हा तू तोच डाव पुन्हापुन्हा खेळू शकतेस. फीचे आठ हजार एकदाच असतात. ते हरल्यावर ‘सरासरीने मी पुढे आहे’ हे वाक्य घरात कुणाला सांगणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैशाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद ठरवले. मोठमोठ्या अ‍ॅपनी त्यानंतर पैशाचे डाव थांबवले. लोक वाद घालतात, पोकरमध्ये कौशल्य आहे म्हणतात. आहेच, मी वर तेच तर लिहिलंय. पण दिवाणावरच्या त्या दुपारची आठवण आली की मला तो कायदा आला याचं बरंच वाटतं. कुणी ‘ही बाहेरची साइट आहे, चालते’ म्हणून लिंक पाठवली तर उघडूसुद्धा नकोस.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, तुला माहीतच आहे. आमच्या बापूंना पत्त्यातलं काही कळत नाही, पण हा खेळ त्यांच्याइतका कुणी खेळला नसेल. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढायचा, चाळीत भरायचा आणि भाव चढायची वाट बघायची. आत्ता विकला तर एवढे, सप्टेंबरपर्यंत धरला तर कदाचित दुप्पट, पण मधे वजन घटणार, काही सडणार. ड्रॉच तो! बापूंचा एक नियम आहे. सोसायटीचं कर्ज फिटेल आणि घर चालेल एवढा कांदा ते काढल्याबरोबर लासलगावला नेतात, भाव कितीही पडलेला असो. उरलेलाच चाळीत ठेवतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भाव जरा वर येत होता, चाळी भरलेल्या होत्या, आणि १९ तारखेला केंद्राने निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं. लिलाव बंद पडले, सगळ्या तालुक्यात नुसता संताप. ज्यांनी सगळाच कांदा धरला होता, त्यांच्या घरी त्या आठवड्यात चूल पेटवायचं मन नव्हतं. बापूही चिडले होते, मंडईत जाऊन तावातावाने बोलून आले. पण त्यांची झोप उडाली नाही, कारण कर्ज मे महिन्यातच फिटलं होतं.

आणि एक फरक लक्षात घे. पत्त्यात बावन्न पानं ठरलेली, मधेच कुणी येऊन चार बदाम काढून नेत नाही. शेतकऱ्याच्या गड्डीतून काढून नेतात. म्हणून कांद्याचा ड्रॉ शंभरात पस्तीस असं कुणी तुला ठामपणे सांगितलं तर मानू नकोस. पत्त्याचा आकडा मात्र मानायचा.

तू पुढे लिहिलंयस की जानेवारीत अंबडच्या तुझ्या ऑफिसातल्या मुली गोव्याला चालल्या आहेत आणि मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीवर जायचं ठरतंय. जा गं, मी काही आजी नाही पांडवांचं द्यूत ऐकवायला. तशी आजीही पाडव्याला हौसेने कवड्या खेळायची, पण कवड्यांपलीकडे कधी गेली नाही. एकवीस पूर्ण आहेस, कमावती आहेस. फक्त माझं एवढं ऐक. जितके गेले तरी नाशिकला परत येऊन पुढचा महिना नेहमीसारखा जाईल, तितकेच रोख पर्समध्ये घे. कार्ड हॉटेलच्या खोलीत. मैत्रिणीकडून उसने घ्यायचे नाहीत, तिने मागितले तर द्यायचेही नाहीत. खाणं-पिणं पॅकेजात असतं, पण टेबलावर बसणार असशील तर ग्लासला हात लावू नकोस, नऊ चोक छत्तीस तेव्हा आठवत नाही.

आणि तिथे कुणी ऑल-इन म्हटलं की सगळे तुझ्याकडे बघतात, हात थंड पडतात, मला माहीत आहे. घाई करू नकोस. डीलरला विचारायचं, किती आहेत? तो मोजून सांगतो, तो तुझा हक्क आहे. मग पॉट बघ, पानं मोज, भाव काढ. मगच तोंड उघड, कारण तिथे ‘कॉल’ म्हटलं की म्हटलं, मागे घेता येत नाही. पोकरच्या बहुतेक पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढून घेतं, त्याला रेक म्हणतात. म्हणून अगदी काठावरचा भाव असेल तर सोड. स्पर्धा खेळत असशील तर अजून जपून, कारण तिथे चिप्स संपल्या की उठावं लागतं. टेबलावर सगळे पुरुष असले तर बुजू नकोस. २०१८ मध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीजमध्ये आपल्या निकिता लूथरने जोडीने खेळायच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकलं, ते मिळवणारी पहिली भारतीय बाई. तीही कधीतरी पहिल्यांदा टेबलावर बसली असेलच की.

बरोबर कॉल करूनही हरशील, तेव्हा रडू नकोस. पस्तीसची शक्यता म्हणजे पासष्ट वेळा हरणं. लागोपाठ तीन वेळा असा ड्रॉ चुकणं हे चारात एकदा तरी होतंच. काल तुझा मेसेज वाचून झोप येईना, म्हणून आज दुपारी मी दिवाणावर तुझाच डाव मांडला. बदाम एक्का, बदाम नव्वी, मधे सत्ती, दुर्री आणि गुलाम. उरलेली सत्तेचाळीस पिसायची, दोन उघडायची, बदाम आला की वहीत रेघ. चाळीस वेळा केलं. तेरा रेघा झाल्या. मधे एकदा सलग सात वेळा काळी आणि चौकटीचीच पानं येत राहिली, आणि बघ, पैसे नव्हते तरी माझा जीव खालीवर झाला. मग आठव्याला बदाम दश्शी आली.

तू हे घरी कर. भाऊबीजेला येशीलच, येताना तुझी वही घेऊन ये. चिंचोक्यांचा डबा मी माळ्यावरून काढून ठेवलाय, वहिनीलाही सांगितलंय. ती पहिल्याच डावाला ढकलणार, तिची सवयच आहे. तू घाबरू नकोस, आधी मोज.